वेळासचा कासव महोत्सव : जाण्याआधी घरट्याची तारीख विचारा

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं. सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून इथे, पिल्लं समुद्राकडे सोडताना बघण्याचा, कासव महोत्सव भरू लागला. प्राण्यांवर जीव असणाऱ्याने कोकणात एकच सार्वजनिक कार्यक्रम बघायचा ठरवला, तर आम्ही बिनदिक्कत हाच सुचवू. मात्र एका रात्रीच्या सहलीत तो उरकू नये. किमान दोन रात्री हव्यात, तेही शक्यतो सोमवार ते गुरुवार.

दोन रात्री का, ते घरट्याच्या गणितात आहे. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री किनाऱ्यावर येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते आणि वाळू दाबून परत जाते. पुन्हा फिरकत नाही. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. थंडीत घातलेल्या अंड्यांना जास्त दिवस, उन्हं तापल्यावरच्या अंड्यांना कमी. म्हणजे एकाच घरट्याच्या अंदाजात पंधरवड्याचा फरक पडू शकतो. "शनिवारी पिल्लं नक्की दिसतील ना?" याला कोणताही प्रामाणिक कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावकरी, हो म्हणणार नाही, आणि तो तसं म्हणत नाही हीच या महोत्सवाची जमेची बाजू.

तरी अंदाज चांगला बांधता येतो. कासवमित्राला फोनवर दोन प्रश्न विचारा : ४५ दिवस उलटून गेलेली घरटी किती, आणि काल-परवा एखादं फुटलं का? दुसरा प्रश्न जास्त कामाचा. एका घरट्यातली सगळी पिल्लं एकदम वर येत नाहीत, दोन-तीन दिवस टप्प्याटप्प्याने येतात. काल वीस आली असतील तर आज मागची येण्याची शक्यता बरीच. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा सर्वांत भरवशाचा काळ. एप्रिलमध्येही पिल्लं निघतात, पण तेव्हा वाळू फार तापते आणि घरटी वाया जाण्याचं प्रमाण वाढतं.

हॅचरी, म्हणजे अंडी आणून उबवायची किनाऱ्यावरची कुंपणाची जागा, हाच या ठिकाणाचा खरा जीव आहे, आणि बहुतेक पाहुणे तिथे दोन मिनिटंही थांबत नाहीत. कुंपणाच्या आत एकेका घरट्यावर टोपली दिसते. तिच्याखाली काय आहे ते समजून घ्या. पहाटे किनाऱ्यावर कासवाचा माग सापडला की घरटं शोधायचं, अंडी काढून हॅचरीत आणायची आणि मादीने खणला होता तसाच, वर अरुंद आणि खाली रुंद, मडक्यासारखा खड्डा करून त्यात ठेवायची. हे काम घातल्यापासून काही तासांतच व्हावं लागतं. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून अंडं उचलताना ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने ठेवायचं. खड्डा उथळ झाला तर ऊन लागतं, भरतीच्या रेषेजवळ झाला तर पाणी शिरून अंडी गुदमरतात. पिल्लू नर की मादी हेही वाळूच उष्णतेवर ठरवते. साधारण ३० अंशांच्या आसपास दोन्ही, त्याहून गरम असेल तर माद्या जास्त. ३५ च्या पुढे गेलं तर पिल्लंच जगत नाहीत. हॅचरीतल्या घरट्यांवर सावली का धरायची, ते यावरून कळावं.

एवढा खटाटोप करायचं कारण किनाऱ्यावरच फिरतं : कुत्री, कोल्हे, रानडुकरं. पूर्वी माणसंही अंडी काढून न्यायची. आज त्याच किनाऱ्यावर गावातली माणसं पहाटे मागावर निघतात, हे मोल कोणत्याही तिकिटापेक्षा मोठं आहे.

पिल्लं सोडतात सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. दुपारी सोडत नाहीत, तापलेल्या वाळूत ती भाजून निघतील. पाण्यापासून काही अंतरावर त्यांना वाळूवर ठेवतात आणि पुढचं चालणं त्यांचं त्यांनाच करू देतात. "उचलून पाण्यात टाका ना" असं दरवेळी कुणीतरी कळवळून म्हणतंच. तसं करायचं नसतं. या चालण्यातच त्यांना लाटेची दिशा सापडते. लाट दोन-तीनदा मागे फेकते, तेही चालू द्यावं.

बिघडतं ते पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे. मागचे पुढे रेटतात आणि वाळूत पावलांचे खोल खळगे पडतात. आपल्याला तो नुसता ठसा, पण दीड-दोन इंचाच्या पिल्लाला ती विहीर. त्यात पडून ते तडफडत राहतं आणि वर घारी टपलेल्या असतात. म्हणून दोरीला एकदा उभं राहिलात की पाय हलवू नका. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात, त्यामुळे फ्लॅश आणि मोबाइलची बॅटरी पूर्ण बंद. हातात घेऊन फोटो काढू द्या असा आग्रह धरू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत हा जीव आहे. लहान मुलांना पुढे बसवा, मोठ्यांनी मागे उभं राहावं. शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते की मागच्या रांगेतून फक्त पाठी दिसतात, म्हणून सुरुवातीला वार सांगितले.

राहायची सोय गावातल्या घरांतच. जेवण घरगुती, बहुतेक ठिकाणी शाकाहारी : आमटी-भात, घावणे, सोलकढी, सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. हॉटेलच्या सोयी शोधू नका. माणशी किती, त्यात किती वेळचं जेवण, संडास-बाथरूम खोलीला लागून की सामाईक, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. घरापासून किनाऱ्यापर्यंत पायी जायचं असतं, म्हणून सकाळी अर्धा तास हाताशी धरून निघा. हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोटीत गाडी चढते, शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारा.

पाळीव कुत्रा घेऊन कोकणात फिरणारी कुटुंबं आता वाढली आहेत, त्यांना स्पष्ट सांगतो : वेळासला कुत्रा आणू नका. साखळीला असला तरी नको. ताजं घरटं वासावरून हुडकण्यात कुत्र्याइतका तरबेज कुणी नाही, आणि अंडी घालायला वर येणारी मादी हालचाल दिसली की तशीच मागे फिरते. कुत्र्याला घरी ठेवणं जमत नसेल तर घरातल्या एकाने मुक्कामावर त्याच्यापाशी थांबावं आणि पाळीपाळीने किनाऱ्यावर जावं. रात्री पुळणीवर फिरायला नेणं तर अगदीच टाळा.

वेळासला जागा मिळाली नाही तर दापोली तालुक्यातलं आंजर्ले बघा. तिथेही महोत्सव भरतो, राहण्याचे पर्याय जास्त आहेत आणि कड्यावरचा गणपती जवळ. पण गावाचा हातभार जवळून बघायचा तर वेळासच. कासवमित्राशी बोलायची संधी मिळाली तर 'प्रथमा' नावाच्या मादी कासवाबद्दल विचारा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर तिच्या पाठीवर उपग्रह टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र, बसवला होता. आणि ओडिशात २०२१ साली ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, तीही हकीकत विचारा. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर घरटं करतं, हे त्या एका बिल्ल्यामुळे कळलं.