क्रोम सांगून चांदीचा रंग मारला

आमची पद्मिनी १९८९ची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. बाबांनी नवी घेतली, ती आजही दारात उभी आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी नव्याने करावी लागते, आणि एप्रिल २०२२मध्ये त्याची फी सहाशेची पाच हजार झाली होती. एवढे पैसे भरायचेच होते, तर २०२४च्या पासिंगआधी गाडी एकदा नीट करून घेऊ, असं ठरलं. इंजिनला हात लावायची गरज नव्हती. पण बंपर आणि मागच्या दिव्यांच्या कडा गंजून खवले सुटले होते, दिव्यांच्या आतल्या, बल्बचा उजेड बाहेर फेकणाऱ्या वाट्याही काळवंडल्या होत्या.

ओळखीतून पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याचं नाव मिळालं. त्याने मोबाईलवर जुन्या फियाटचे फोटो दाखवले. एका बंपरमध्ये तर अख्खं आभाळ दिसत होतं. "ताई, कॉपर, निकल, क्रोम, तिन्ही थर देतो. आतल्या वाट्यांनाही क्रोमच. एकदम कंपनी फिनिश." साडेएकवीस हजार सांगितले, निम्मे आधी रोख घेतले. चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, काम कोणतं ते लिहिलं नाही. बिल मागितल्यावर "मग जीएसटी लागेल" म्हणाला आणि मी तिथेच थांबले. पुढे सगळं या एका गोष्टीवर अडलं, म्हणून ती इथे लिहिते आहे.

दहा दिवसांत गाडी मिळाली. बाबा तिच्याभोवती दोन चकरा मारून पाहत राहिले, इतकी चकाकत होती. पासिंग भर दुपारी झालं, दिवे लागतात एवढं पाहिलं गेलं.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे बंपर पुसला आणि फडकं घेऊन आत आले. फडकं करडं झालं होतं. "क्रोम कधी फडक्याला लागत नाही," एवढंच बोलले.

त्याच आठवड्यात रात्री कात्रजच्या घाटातून येताना एक टेम्पोवाला शेजारी येऊन ओरडला, "ताई, मागचे दिवे लावा!" दिवे लावलेलेच होते. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती. बंपरचा रंग गेला असता तर मी पैशांसाठी हळहळले असते. हे त्याहून फार वेगळं होतं.

सकाळी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियन काकांनी दिवे उघडले. वाट्यांना डब्यातला चंदेरी स्प्रे मारून वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, दिलं होतं. बल्बच्या उष्णतेने ते लॅकर तपकिरी पडून फुगलं होतं. त्याहून वाईट म्हणजे स्क्रूच्या जागा न झाकता सगळीकडे रंग मारला होता. या दिव्यांना परतीची वायर वेगळी नसते, करंट परत जातो तो दिव्याच्या धातूतून गाडीच्या पत्र्याला. मध्ये रंग आला की ही वाट तुटते. ब्रेक दाबला की साइडचा दिवा मिणमिणायचा, इंडिकेटर उगाच उजळायचा, कारण करंट दुसऱ्याच फिलामेंटमधून वाट काढत होता. दोन महिने मला वाटत होतं बल्ब जुने झालेत.

वाट्यांना क्रोम द्यायचं त्याचं बोलणंही मुळात चुकीचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. क्रोम डोळ्याला झगमगीत दिसतं, पण पडलेल्या उजेडाचा साधारण दोन तृतीयांशच परत फेकतं. ॲल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास फेकतं, म्हणून दिव्याच्या वाटीवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. स्प्रेमध्ये असतात ते धातूचे बारीक कण. ते वार्निशमध्ये वेडेवाकडे पडतात, आरशासारखे सपाट बसत नाहीत, आणि वर लॅकर आलं की रंग आणखी करडा होतो. मागच्या दिव्याला लांबवर झोत टाकायचा नसतो, काच सगळीकडून सारखी उजळली की झालं. तिथे या चांदीपेक्षा साधा चकचकीत पांढरा रंगही चांगला, असं काका म्हणाले. आमच्या वाट्या आता तशाच केल्या आहेत, स्क्रूच्या जागा घासून उघड्या ठेवून. घाटातला फरक मी स्वतः मागे उभी राहून पाहिला.

करंट जातो का ते पाहायच्या मीटरच्या दोन्ही सुया काकांनी बंपरवर टेकवल्या. खरं क्रोम असेल तर मीटर वाजतो, लॅकरखालचा रंग असेल तर गप्प राहतो. आमचा गप्प राहिला. मीटर नसेल तर कापसाला थिनर लावून आतल्या कोपऱ्यात घासा. क्रोमला काही होत नाही, रंग कापसावर येतो. भाग उलटा करूनही पाहा. प्लेटिंगच्या टाकीत सबंध भाग बुडतो, त्यामुळे मागेही थोडाफार मुलामा चढतोच. आमच्या बंपरच्या मागे जुना गंज होता तसाच होता, कडेला फक्त स्प्रेची धूळ. हे पैसे देण्याआधी पाहा. आणि कॉपर चढल्यावर तो गुलाबी झालेला भाग टाकीपाशी जाऊन डोळ्यांनी पाहीन, असं आधीच सांगा. खरं काम करणारा नाही म्हणत नाही.

गॅरेजवाला आधी म्हणाला पावसाच्या पाण्यात ॲसिड असतं. मग म्हणाला तुम्हीच कुठल्यातरी केमिकलने पुसलंत. शेवटी म्हणाला, "मी क्रोम फिनिश म्हणालो होतो, क्रोम प्लेटिंग नाही." त्या 'फिनिश' शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. दुसरा हप्ता यूपीआयने दिला होता, तेवढा एक पुरावा आहे. बंपर सध्या भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याकडे आहे. चांदी आणि लॅकर काढायचे त्याने वेगळे पैसे लावले.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांनी त्याच गॅरेजमध्ये जुन्या गाडीच्या कामाची चौकशी केली. त्यांना मोबाईलवर नमुना दाखवला तो आमच्याच गाडीचा. फिकट निळी पद्मिनी, मागच्या काचेवर खंडोबाचं स्टिकर, बंपरमध्ये आभाळ. तो फोटो गाडी ताब्यात दिली त्या दिवशीचा आहे.