ट्रॉम्सोला नेण्याआधी माळशेजला न्या: सॅमयांग १४ मिमी एफ/२.८ (मॅन्युअल फोकस)

पुण्याहून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी नॉर्दर्न लाइट्सच्या (अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या) सहली आता दर हिवाळ्यात निघतात आणि निघायच्या महिनाभर आधी एकच प्रश्न फिरू लागतो: लेन्स कुठली घ्यायची? खिशाला झेपणारं उत्तर बहुतेक वेळा सॅमयांगच्या १४ मिमीपाशी येऊन थांबतं. उत्तर बरोबर आहे. मात्र ही लेन्स खोक्यातून काढून थेट विमानात न्यायची नाही. तिची परीक्षा आणि जुळणी आधी घराजवळच्या अंधारात उरकावी लागते. ती न करता गेलेल्यांचे फोटो फसतात आणि बोल लेन्सला लागतो.

घराजवळ म्हणजे सरावापुरतं, हे आधी सांगितलेलं बरं. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, इथून ध्रुवीय प्रकाश मिळायचा नाही. १०-११ मे २०२४ च्या सौरवादळात तो भारतातून टिपला गेला तो लडाखमधल्या हानलेहून, उत्तर क्षितिजालगतच्या तांबूस पट्ट्याच्या रूपात. अशा पट्ट्यासाठी ३५ किंवा ५० मिमी बरी, १४ मिमीत त्याची नुसती रेघ होते. माळशेजकडून काढलेल्या फोटोत क्षितिजाजवळ हिरवट छटा आली, तर लगेच घरी फोन लावू नका. वातावरणाची स्वतःची मंद दीप्ती जगभर असते आणि तीही ऑक्सिजनच्या त्याच ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाची.

ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी प्रकाश थेट डोक्यावर येतो, तिथे ही लेन्स खरी कामाची. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आडवी धरली तर ती रुंदीत सुमारे १०४ अंश आणि उंचीत ८१ अंश पाहते. क्षितिजावरचा डोंगर आणि जवळजवळ माथ्यावरचा पडदा एकाच चौकटीत बसतो. पूर्ण उघड्या ऍपर्चरलाही कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फारसे फुटत नाहीत. दुप्पट-तिप्पट किमतीच्या बऱ्याच झूम लेन्सना हे जमत नाही.

पुढचं भिंग फुगीर आहे, त्यामुळे फिल्टर लावायला आटेच नाहीत. अरोरासाठी हा फायदाच. त्याचा प्रकाश मोजक्या तरंगलांबींचा असल्यामुळे सपाट फिल्टरच्या दोन पृष्ठांमध्ये परावर्तन होऊन फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात आणि ती नंतर पुसता येत नाहीत. इथे ती भीतीच नाही. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर लावता येत नाही ही तक्रार पुण्यात ऐकू येते, पण तो मुख्यतः सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर चालायचा. एलईडीच्या पांढऱ्या उजेडापुढे त्याचा फारसा पाड लागत नाही.

आता फोकस, कारण सगळं घोडं इथेच अडतं. या लेन्सवरची अनंताची खूण विश्वासाची नाही. काही नगांत खरा अनंत खुणेच्या बराच अलीकडे असतो, काहींत पलीकडे. रिंग खुणेवर ठेवून काढलेले तारे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ठीक वाटतात आणि लॅपटॉपवर वाटाणे दिसतात. दुसरा सापळा हायपरफोकल तक्त्यांचा, म्हणजे किती अंतरावर फोकस ठेवला की तिथून लांबचं सगळं चालण्याइतपत स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या तक्त्यांचा. एफ/२.८ ला तक्ता २.३ मीटर सांगतो, पण तो ०.०३ मिमीचा धूसरपणा चालेल असं धरून. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तेवढ्यात पाच पिक्सेल बसतात, म्हणजे ठिपक्याची चकती झाली.

पद्धत अशी. ऍपर्चर एफ/२.८, आयएसओ ३२००, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात अभिजित किंवा चित्रा चौकटीच्या मध्यावर आणा. रिंग हळूहळू फिरवत तारा सगळ्यात लहान होऊ द्या, थोडं पुढे जाऊन तो पुन्हा फुगतो हे पाहा आणि मागे या. ढग असतील तर किलोमीटरभर लांबचा पांढरा दिवा चालतो. मोबाइल टॉवरचा लाल दिवा नको, लाल प्रकाश जरा वेगळ्या जागी फोकस होतो. जागा सापडली की रिंग आणि नळी यांवर मिळून एक बारीक रेघ ओढा आणि वरून चिकटपट्टी लावा. पुण्यात १५ अंशांना ओढलेली रेघ ट्रॉम्सोच्या उणे दहाला तंतोतंत लागू पडणार नाही. ती फक्त शोध सुरू करायची जागा. तिथे लेन्स अर्धा तास बाहेर ठेवून पुन्हा तारा पाहायचा.

दुसरी परीक्षा नगाची. या लेन्समध्ये नगानगात फरक पडतो, एखाद्यातलं भिंग किंचित तिरकं बसलेलं असतं. त्यासाठी घाटात जायला नको, गच्ची पुरते. एफ/२.८, आयएसओ ८००, पाच सेकंद. तोच तेजस्वी तारा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून चार फोटो काढा. चारही कोपऱ्यांत सारखा थोडा ओढलेला दिसला तर लेन्स ठीक. तीन कोपऱ्यांत टोकदार आणि एकात फिस्कटलेला असेल तर नग परत करा. ही तपासणी परतीची मुदत असतानाच व्हायला हवी, आणि जुनी घेत असाल तर पैसे देण्याआधी.

गच्चीवर हे जमलं की माळशेज. शहराचा उजेड तिथे दक्षिणेला राहतो आणि उत्तरेला हरिश्चंद्रगडाकडचा अंधार मिळतो. वेल्हे-पानशेतकडून नेमकं उलटं: शहर ईशान्येला, दक्षिण काळी, म्हणून ती बाजू आकाशगंगेच्या गाभ्यासाठी. माळशेजचा सराव अमावास्येच्या आसपास, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ताऱ्यांसाठी शटर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर २० सेकंद, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १५. पाचशेचा नियम (५०० भागिले फोकल लांबी) फुल फ्रेमवर ३५ सेकंद सांगतो, पण तो फिल्मच्या जमान्यातला. अरोराला एवढं लांब शटर चालत नाही. जोरात नाचत असेल तर आयएसओ १६०० ला २ ते ४ सेकंद, मंद असेल तर ३२०० ला ८ ते १५. त्याहून लांब ठेवलंत की पडद्याच्या घड्या पुसून नुसती हिरवी खीर उरते. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विनला पक्का, फाइल रॉ, आणि लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडून बसतो.

पावसाळ्यानंतर घाटात दव पडतं आणि फुगीर भिंग सगळ्यात आधी ओलं होतं. हूड लेन्सलाच जोडलेला असल्यामुळे उष्णपट्टी त्याच्या मागे नळीभोवती गुंडाळावी लागते. तयार पट्टी महाग वाटली तर पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ४७ ओहमचे, एक वॉटचे दहा रेझिस्टर आणा आणि समांतर जोडा. पाच व्होल्टच्या यूएसबीवर साधारण एक अँपिअर, म्हणजे पाच वॉटपेक्षा थोडी जास्त उष्णता मिळते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाचेक तास पुरते. पाव वॉटचे रेझिस्टर घेऊ नका, एकेकावर अर्धा वॉट पडतो आणि ते जळतात.

बाकी उणिवा लवकर सांगता येतील. एफ/२.८ ला कोपरे चांगलेच काळवंडतात. क्षितिजाची रेघ मिशीसारखी वाकते; पाण्याच्या काठावर ते लगेच दिसतं, म्हणून एडिटिंगमध्ये या लेन्सचं प्रोफाइल लावूनच सरळ करा. बिनचिपची (कॅमेऱ्याला लेन्सची माहिती न देणारी) आवृत्ती मिररलेसवर लावाल तर ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. तिची ऍपर्चर रिंग अंधारात बोट लागून फिरते आणि फाइलमध्ये नोंद होत नसल्यामुळे चूक सकाळपर्यंत कळत नाही, तिथेही चिकटपट्टी. निकॉनची चिपवाली घेतलीत तर रिंग एफ/२२ वर लॉक करून ऍपर्चर कॅमेऱ्यातून बदला.

ज्यांना एकाच लेन्सवर सहलीतली माणसं, जेवणं आणि शहरंही टिपायची आहेत त्यांनी ही घेऊ नये. मिररलेस एपीएस-सी कॅमेरा असेल तर साधारण त्याच पैशांत सॅमयांगची १२ मिमी एफ/२ अधिक उजेड देते आणि चौकटही तेवढी छोटी होत नाही. सॅमयांगचीच ऑटोफोकसवाली १४ मिमी हलकी आहे, पण तिची रिंग इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे रेघ आणि चिकटपट्टीचा उपाय तिला लागू होत नाही. बाकीच्यांनी जुनी लेन्स मिळाली तरी खुशाल घ्यावी. आत बिघडण्यासारखी फोकसची मोटर नाही. भिंगावरचे ओरखडे, आतली बुरशी आणि वरची चार कोपऱ्यांची परीक्षा एवढंच पाहा. पुण्याच्या पावसाळ्यात कोरड्या डब्यात न ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च मागून मारला की तिचं जाळं लगेच दिसतं.