मतदानाचा हक्क दिला आणि ₹६,८५,००० नेले

₹६,८५,०००. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण भावकीत, बँकेत, सासुरवाडीला सगळीकडे तो कमी करून सांगून झालाय. पहिले ₹५०,००० यूपीआयने, मग केळीच्या पट्टीचे ₹२,१०,०००, शेवटी एफडी मोडून ₹४,२५,०००. रावेरकडच्या एकाच भिशीतल्या आम्हा चौघांचा मिळून हा पैसा, एका क्रिप्टो टोकनच्या फसवणुकीत गेलेला.

टेलिग्राम ग्रुप, जळगावला हायवेवरच्या हॉटेलात मीटिंग, रोज सकाळी कोणाच्या तरी विथड्रॉवलचा स्क्रीनशॉट. हे सगळ्यांना पाठ आहे, ते उगाळत नाही. आणि कोणी ‘लोभ नडला’ म्हणायच्या आधी हेही ऐका: पतसंस्था बुडाल्यापासून आमच्या भागात दामदुप्पट म्हटलं की माणूस चहासुद्धा न पिता उठतो. या लोकांनी दामदुप्पट म्हटलंच नाही. टक्का सांगितला नाही. त्यांनी मत विकलं. ‘हा गव्हर्नन्स टोकन आहे, ज्याच्याकडे टोकन तो मालक, प्रत्येक निर्णय मतदानाने.’ वर खास आपल्या बोलीत: ‘भाऊ, आठे तुना मतबिगर काहीच व्हत नही.’ विकास सोसायटी, दूध संघ, सूतगिरणी यांच्या निवडणुकांत हयात गेलेल्या माणसांना हे पटणारच. पटावं म्हणूनच तसं रचलं होतं.

फरक इथे आहे. सहकारात १९६० च्या कायद्याने एका सभासदाला एकच मत, शेअर एक असो की हजार. टोकनमध्ये एका टोकनला एक मत. एकूण टोकन १० कोटी. त्यातले ७ कोटी ८० लाख चार पत्त्यांवर, म्हणजे चार क्रिप्टो वॉलेटांत. चौघांचे मिळून ७२,०००, म्हणजे ०.०७२ टक्के. हे कुठे लपवलेलं नव्हतं. बीएससीस्कॅनवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा (तो चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता टाकला की ‘होल्डर्स’ या टॅबखाली पहिल्या चार ओळीत दिसत होतं.

आणि प्रस्ताव क्रमांक ३! तो आठवला की आजही डोकं फिरतं. ‘अ‍ॅप मराठीत करायचं का?’ ग्रुपवर नुसता उत्सव. सगळ्यांनी बटण दाबलं, प्रस्ताव मंजूर, फटाक्यांचे इमोजी. निकालाच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं: १,३१२ जणांनी मतदान केलं. त्याखाली बारीक राखाडी अक्षरात मतांची बेरीज, आणि अजून खाली सरकवलं तर मतदारांची यादी, वजनानुसार लावलेली. वरचे चार पत्ते, ७ कोटी ८० लाख मतं. बाकी १,३०८ जण मिळून त्यांच्यापुढे काहीच नाही. ती यादी समोर होती आणि खाली सरकवायला एक बोट लागत होतं. एफडी मोडली ती यानंतर. पण मला सांगा, ठळक काय छापायचं आणि बारीक काय, हे ठरवणारा माणूस निष्पाप असतो का?

मग प्रस्ताव क्रमांक ७. लॉक, म्हणजे टोकन विकता न येण्याची मुदत, ९० दिवसांऐवजी ७२० दिवस. रात्री ११.४० ला उघडला, १२.०५ ला बंद. बाजूने ७,८०,००,०००, विरोधात २,१४,०००. ९९.७ टक्क्यांनी मंजूर आणि त्याच मिनिटाला लागू. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘लोकशाही आहे.’

नुसता लॉक म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. कर्व्हसारख्या जुन्या, नावाजलेल्या क्रिप्टो प्रकल्पातही मताचं वजन वाढवायला टोकन ४ वर्षांपर्यंत अडकवता येतात. प्रश्न असा विचारा: घातलेला लॉक नंतर वाढवायचा अधिकार कोणाला? आणि मंजुरी ते अंमलबजावणी यात वेळ किती? कंपाउंड या दुसऱ्या प्रकल्पाने मध्ये किमान २ दिवसांचा टाइमलॉक ठेवला, म्हणजे ज्याला पटलं नाही त्याला बाहेर पडायला फट मिळते. आमच्यात टाइमलॉक शून्य. शून्य दिसलं की तिथेच थांबा.

खऱ्या प्रकल्पातही मत म्हणजे सुरक्षा नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉकवर एकाने फ्लॅश लोनने, म्हणजे एकाच व्यवहारात घेऊन त्यातच फेडायच्या कर्जाने, बहुमत गोळा केलं, स्वतःचा प्रस्ताव स्वतःच मंजूर केला. प्रकल्पाचं सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचं नुकसान झालं. मे २०२३ मध्ये टॉर्नेडो कॅशमध्ये निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रस्तावाच्या कोडमधून हल्लेखोराने स्वतःला १२ लाख मतं दिली. युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या बाजाराचा स्वतःचा टोकन सप्टेंबर २०२० मध्ये आला, पण पुढे कित्येक वर्षं त्याच्या धारकांना ट्रेडिंग फीमधला एक पैसा मिळत नव्हता. शेअरला कंपनी कायदा आहे, सेबी आहे. या टोकनच्या मागे तसं काहीच उभं नाही.

आता पैसा दिसतो आणि नसतो, ते कसं. अ‍ॅपवर भाव ₹२६.६७, म्हणून ७२,००० टोकनचे ₹१९,२०,०००. दहा कोटी टोकनला हाच भाव लावला की सुमारे ₹२६७ कोटींचा प्रकल्प! पण भाव ठरतो लिक्विडिटी पूलमध्ये, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या साठ्यात, आणि त्यात होते फक्त ३१,००० यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं) आणि १,००,००० टोकन. यूएसडीटीची बाजू ₹८६ दराने साधारण ₹२६ लाख ६६ हजार. पूलमध्ये दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहतो. आमचे ७२,००० विकता आले असते तरी फी सोडून १२,९७७ यूएसडीटी, म्हणजे सुमारे ₹११,१६,००० मिळाले असते, १९ लाख नव्हे. आणि आतल्या माणसाने आधी ९ लाख टोकन ओतले, जे त्याच्याकडच्या मालाचा कोपराही नाही, तर तो २७,९०० यूएसडीटी उचलतो आणि भाव २७ पैशांवर येतो. तसंच झालं. आम्ही लॉकमध्ये, ते दारात.

पूल किती खोल आहे ते आधी बघा, भाव नंतर. एलपी टोकन, म्हणजे पूलमधला पैसा काढून घ्यायच्या पावत्या, जाळलेत की कुणाच्या खिशात आहेत तेही. कॉन्ट्रॅक्टच्या कोडमध्ये मिंट (नवे टोकन छापणं), पॉज (व्यवहार थांबवणं), ब्लॅकलिस्ट (एखाद्याची विक्री बंद करणं), सेट फी (फी बदलणं) असली फंक्शन आणि ती चालवणारा एकच मालक असेल, तर उद्या विक्रीवर ९० टक्के फी लागू शकते. कोड प्रॉक्सीमागे असेल तर आज वाचलेला कोड उद्या बदलता येतो. ₹५०० ची विक्री करून बघितली म्हणून निर्धास्त होऊ नका, ब्लॅकलिस्ट नंतर करतात.

विथड्रॉवल मागितल्यावर निरोप आला: नफा ₹१२,३५,०००, त्यावर ३० टक्के सरकारी कर ₹३,७०,५०० आधी यूएसडीटीत भरा. एवढं मात्र कोणी दिलं नाही. कर खरा आहे, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ११५बीबीएचने आणलेला, १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के, वर ४ टक्के सेस. पण तो आयकर खात्याला भरायचा, टेलिग्रामवरच्या पोराला नाही. एक मात्र लक्षात असू द्या: एका टोकनमध्ये लाख कमावले आणि दुसऱ्यात लाख गमावले तरी सरकार ₹३१,२०० घेतं. तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

आता सरकारी दारं. तालुक्याच्या ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्हीच पाठवले ना?’ दुसरा, ‘ऑफिस कुठे आहे त्यांचं?’ मग ‘जळगावला सायबरला जा.’ सायबरला, ‘हद्द तुमच्या ठाण्याची.’ अहो, बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो असं स्पष्ट लिहिलंय, ते आम्ही पोलिसांना सांगायचं? व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरची त्याची ओळख, ६६ अक्षरांचा असतो. अर्जाच्या प्रिंटमध्ये शेवटची पाच अक्षरं समासात कापली गेली, झेरॉक्स तशीच फायलीला लागली, आणि पुढच्या साहेबांनी सांगितलं की व्यवहार सापडत नाही. बँक म्हणते ग्राहकाने स्वतः पिन टाकला. टोकन सेबीच्या कक्षेत नाही, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल फक्त तिच्या नियमनाखालच्या बँका आणि वित्तसंस्थांच्या तक्रारी घेतो. मात्र ज्या अनोळखी माणसाकडून यूएसडीटी घेतलं त्याचं खातं काळ्या पैशाचं निघालं म्हणून चौघांपैकी एकाचं खातं गोठवलं, ते एका दिवसात! चोराचं खातं हलत नाही आणि केळीवाल्याचं बंद.

तरी १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करायचाच, पहिल्या तासातच. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. रुपयांतला पैसा बँकेत असेपर्यंतच अडवता येतो. ट्रॉन किंवा इथेरियमवरचं यूएसडीटी टेथर कंपनी पोलिसांच्या मागणीवर गोठवू शकते, पण मागणी पोलिसांनी करायची, आणि ती वेळेत. पत्ते आणि हॅश टाइप केलेल्या फाइलमध्ये द्या, प्रिंटवर विसंबू नका. वॉलेटमध्ये त्या साइटला दिलेलं अप्रूव्हल, म्हणजे तुमचं नाणं उचलायची परवानगी, लगेच रद्द करा. नाहीतर नंतर टाकलेलं यूएसडीटीही तिथूनच उचललं जातं.

तक्रार केल्यावर काही दिवसांत ‘ब्लॉकचेन रिकव्हरी’वाल्याचा फोन येईल. त्याला तुमची रक्कम रुपयापर्यंत माहीत असेल, कारण यादी त्याच टोळीकडून आलेली असते. आम्हाला ₹१५,००० फी सांगितली. १९३० वर फी नसते, पोलिसांची नसते, कोर्टाची असेल तर पावती मिळते. फोन ठेवा आणि तो नंबर त्याच तक्रारीला जोडा.