मुलुंड पूर्वेचा प्राण्यांचा दवाखाना: मांजराच्या पोटात पाणी झालं असेल तर इथे दाखवा

आमची चिंगी सात महिन्यांची. ताप उतरेना, खाणं सुटलं, पाठीची हाडं हाताला लागायला लागली आणि पोट मात्र टरटरलेलं. आधी एका ठिकाणी जंताचं औषध देऊन परत पाठवलं होतं. इथल्या मॅडमनी पोट चाचपलं आणि लगेच सुईने थोडं पाणी काढलं. पिवळसर, चिकट, तार सुटेल असं.

मग आमच्यासमोरच परीक्षानळीत डिस्टिल्ड वॉटर, त्यात व्हिनेगरचा थेंब, वरून पोटातून काढलेल्या पाण्याचा थेंब. तो विरघळला नाही, आकार धरून खाली उतरला. ही रिव्हाल्टा चाचणी. "ताई, एवढ्यावर मी आजाराचं नाव देणार नाही, जंतुसंसर्गातही असा थेंब टिकतो," म्हणाल्या. रक्तातल्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं प्रमाण आणि पोटातल्या पाण्याची पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी) करायला सांगितली. मांजरांच्या कोरोना विषाणूची अँटीबॉडी चाचणी मात्र नको म्हणाल्या, कारण कितीतरी धडधाकट मांजरांमध्येही ती पॉझिटिव्ह येते. उगाच पैसे घालवू न देणारा डॉक्टर मुंबईत भेटणं ही मोठी गोष्ट आहे.

निदान एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा आजार. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: मांजरांचा कोरोना शीच्या ट्रेमधून तोंडावाटे आतड्यात जातो, बहुतेकांना फार तर जुलाब होतात. थोड्यांच्याच शरीरात तो बदलतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींत वाढू लागतो. त्या पेशी रक्तातून सगळीकडे पोचतात, रक्तवाहिन्या सुजतात, पाणी झिरपून पोटात किंवा छातीत साचतं. पाणी न साचणाऱ्या कोरड्या प्रकारात हा आजार डोळे आणि मेंदू धरतो. बदललेला विषाणू एका मांजरातून दुसऱ्यात सहसा जात नाही. 2023 मध्ये सायप्रसमध्ये पसरलेला प्रकार वेगळा होता, तो मांजरातून मांजरात जात होता. तरी आमच्या मोठ्या बोक्याचा ट्रे वेगळा करायला लावला. माणसांना हा होत नाही, हे सोसायटीतल्या काकूंना त्यांनी फोनवरून स्वतः सांगितलं!

2019 मध्ये कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक पेडरसन यांच्या गटाने जीएस-441524 हे औषध घरगुती मांजरांवर वापरून बरीच वाचवली. त्याआधी हा आजार म्हणजे जवळपास मरणच. कोर्स 84 दिवसांचा. पिल्लू वाढतं तसा डोसही वाढवावा लागतो, म्हणून इथे दर आठवड्याला वजन करतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. खर्च मोठा आहे, पण पूर्ण आकडा पहिल्याच दिवशी लिहून दिला होता.

चिंगीचा कोर्स चालू आहे. ताप गेला, पोट उतरलं, बोंबलाच्या वासाने ओट्यावर चढते.

संध्याकाळी कुत्र्यांची गर्दी असते आणि मांजरांना बसायला वेगळी जागा नाही. शक्यतो सकाळची वेळ घ्या.