पुरात बुडालेली शिलाई मशीन आणि टिळक चौकाजवळचे मिस्त्री

भिजलेली मशीन भंगारात घालायची की दुरुस्त करायची, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातली आमची तळमजल्याची खोली गेलीच. पाणी उतरल्यावर आत शिरले तर गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाउजपीस चिखलात, फळीचा प्लाय पावासारखा फुगलेला आणि माझी काळी पायमशीन मातकट होऊन तिथंच उभी. घर त्या वेळी माझ्या शिलाईवरच चालत होतं. नवीन मशीन घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून रिक्षात घालून मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, चाक फिरवून बघितलं का?"

म्हटलं, हो, चालतीय का बघायला.

"तिथंच चुकलं." सुईखाली दोरा फिरवणारं शटल बाहेर काढून आतला गाळ त्यांनी चिमटीत धरला आणि माझ्या अंगठ्यावर चोळला. कचकच लागली. "ही रेती आत फिरली की शाफ्टला चरे पडतात. आधी साध्या पाण्यानं धुवायची, सुकवायची, मग रॉकेल, मग तेल. तोवर चाकाला हात लावायचा नाही."

घरात खोबरेल असतं म्हणून तेच घालणाऱ्या बायकांवर त्यांचा फार राग. ते घट्ट होऊन मशीन जाम होते म्हणे. मीही घालायचे, पण गप्प बसले.

काम उत्तम, वेळेच्या नावानं मात्र शंख. "उद्या या" असं मला सहा वेळा ऐकवलं. पुरानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती हे मान्य, पण निदान फोन तरी उचलावा! बिल देत नाहीत. तेवढ्या दिवसांत मी फॉल हातानं लावून दिले, हुकं लावली, शेजारणीच्या मशीनवर रात्री नऊनंतर बसले. शेवटी ८५० रुपये झाले, त्यात नवा चामडी पट्टा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) आणि दोन सुया. फळी सुताराकडून वेगळी करून घेतली.

मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मी तिथं बसून बघतेय म्हटल्यावर त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. बिजागरीचे स्क्रू ढिले केले की मशीनचं डोकं फळीवरून सुटतं, हे वीस वर्षं शिवूनही मला ठाऊक नव्हतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढायला लागलं तेव्हा मी आणि मुलीनं दहा मिनिटांत डोकं सोडवून वरच्या मजल्यावर नेलं. स्टँड खाली बुडाला. त्याला काय, लोखंडच ते. घासून, तेलपाणी करून चार दिवसांत ब्लाउज सुरू.

मशीन आजही रोज चालते. जाड शिवणीवर ठकठक करते, जीन्सची पँट तिच्याकडून होत नाही. मोटर बसवायचं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, हिची झीज झालीय, पायानंच चालवा. मोटर विकली असती तर त्यांना चार पैसे सुटले असते, तरी नको म्हणाले.

पाचपैकी चार तारे. एक त्या सहा "उद्यां"पायी कापला. आणि मशीन नेताना बॉबिन केस बरोबर न्या. मी घरी विसरले होते, तेवढ्यासाठी भर उन्हात परत हेलपाटा पडला.