महिन्याला एकच हँडगन, आणि मला "नाही" म्हणणारं दुकान

व्हर्जिनियातल्या ज्या मराठी लोकांना रेंजवर टार्गेट शूटिंगचा नाद लागलाय त्यांच्यासाठी लिहितोय. या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि ते अशासाठी की पहिल्या दिवशी त्यांनी मला पिस्तूल विकलं नाही.

झालं असं की 3 मेला मी माझं पहिलं पिस्तूल घेतलं, नाइन एमएम, दुसऱ्या एका दुकानातून. दोन आठवड्यांत कळलं की गोळ्यांचाच खर्च फार होतोय आणि नेम तर अजून कच्चाच, ट्रिगर दाबायच्या आधीच माझं मनगट खाली जातं, इन्स्ट्रक्टर म्हणाला आधी पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या गोळीचं पिस्तूल, घे, झटका कमी, गोळ्या स्वस्त, त्यावर हात बसव. म्हणून परत त्याच पहिल्या दुकानात गेलो. आता व्हर्जिनियात नियम असा आहे की 30 दिवसांत एकच हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, विकत घेता येते. काउंटरवरच्या माणसाने तारीख बघितली, म्हणाला तुझे 30 दिवस झालेले नाहीत, आणि मग आवाज खाली करून म्हणाला, बायकोला घेऊन ये, तिच्या नावावर करून टाकू. इतकं सहज म्हणाला की मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आपल्याकडे घरातल्या कुणाच्याही नावावर सिमकार्ड घेतात तसंच वाटलं. त्या दिवशी बायको कामावर होती म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी घराजवळ पडतं म्हणून या दुकानात गेलो आणि तेच विचारलं, बायकोच्या नावावर होईल ना? काउंटरमागे साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. त्यांनी हातातलं पिस्तूल खाली ठेवलं, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे मला परत एकदा दाखवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि मग बोलायला लागले. फॉर्म 4473, म्हणजे बंदूक घेताना भरावा लागणारा सरकारी फॉर्म, त्याचा कोरा कागद काढून त्यातला एक प्रश्न बोटाने दाखवला, हे हत्यार खरोखर तुम्ही स्वतःसाठीच घेताय का. पैसे माझे, वापरणार मी आणि "हो"वर खूण बायकोची, म्हणजे फेडरल गुन्हा, त्याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि फॉर्मवरच्या अशा खोट्या उत्तराला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बायकोला खरंच स्वतःला हवं असेल तर तिने यावं, निवडावं, घ्यावं, किंवा ती तुम्हाला मनापासून भेट देत असेल तरी चालतं, पण तुमच्या पैशाने तुमच्यासाठी नाही. अब्राम्स्कीची केस त्यांनीच सांगितली, आपल्या व्हर्जिनियातलाच माजी पोलिस, काकाचे पैसे घेऊन काकासाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं, काका स्वतः कायद्याने घेऊ शकत होता, तरी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 ने तो हरला. मी ऐकून गारच पडलो, कारण त्या कागदावर सही माझ्या बायकोची असती.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पेन्सिलने एकेक दिवस मोजला, जूनमधल्या एका तारखेला गोल केला आणि म्हणाले त्याच्या आधी येऊ नका. पॉइंट टू टू वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं, एक डॉलरही घेतला नाही.

यांना अपवादही नीट माहीत होते, हे फार महत्त्वाचं. ही मर्यादा फक्त हँडगनला आहे, रायफल-शॉटगनला नाही. कन्सील्ड कॅरी परमिट, म्हणजे पिस्तूल लपवून जवळ बाळगायचा परवाना, असेल तर ती लागू नाही. हँडगन चोरीला गेली तर पोलिस रिपोर्ट दाखवून लगेच दुसरी घेता येते. आणि घेतलेली आवडली नाही तर त्याच दुकानात 30 दिवसांत बदलून मिळते, ती नवीन खरेदी धरत नाहीत. पहिल्या दुकानाने यातलं मला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं.

आता रेंजवर बरेच जण म्हणतात की हा नियम म्हणजे सरळमार्गी लोकांना त्रास. मला तसं वाटत नाही. 1993 ला गव्हर्नर वाइल्डरच्या काळात हा कायदा आला तो कशासाठी, तर लोक इथे एका दमात ढिगाने पिस्तुलं घ्यायचे आणि आय-95 हायवेने न्यूयॉर्कला नेऊन विकायचे, त्या रस्त्याला आयर्न पाइपलाइनच म्हणायचे. 1996 साली एका मेडिकल जर्नलमध्ये अभ्यास आला होता, ईशान्येकडच्या राज्यांत सापडलेल्या आणि मूळ आग्नेयेकडच्या राज्यांतून गेलेल्या बंदुकांपैकी व्हर्जिनियाच्या दुकानांतल्या आधी 35 टक्के होत्या, कायद्यानंतर घेतलेल्यांत 16 टक्के. तरी 2012 ला कायदा काढून टाकला आणि 1 जुलै 2020 पासून परत आणला. कॅलिफोर्नियातला असाच कायदा तर जून 2025 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे तिकडच्या फेडरल अपील कोर्टाच्या, तीन जजांनी घटनाबाह्य ठरवला, तेव्हा इथलाही कधी जाईल सांगता येत नाही, जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र खरीच आहे आणि ती मला टोचते. 2007 ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात 32 जण गेले, त्यात मुंबईहून आलेली एक मुलगी होती. आमच्या ओळखीतला मुलगा तेव्हा तिथे शिकत होता, दुपारपर्यंत त्याचा फोन लागत नव्हता, त्याच्या आईचा तो आवाज अजून कानात आहे. मारणाऱ्याने एक पिस्तूल फेब्रुवारीत घेतलं आणि दुसरं मार्चमध्ये, 30 दिवसांचा नियम पाळून! पण तिथे हुकलं ते बॅकग्राउंड चेकमध्ये, म्हणजे विकण्याआधी घेणाऱ्याचं रेकॉर्ड तपासतात त्यात, 2005 ला कोर्टाने त्याला मानसिक उपचारांचा आदेश दिला होता आणि तो रेकॉर्डवर पोचलाच नाही. महिन्याला एक हा नियम डिकीत वीस पिस्तुलं भरून नेणाऱ्याला अडवायला आहे, आणि तो फॉर्मवरच्या एका खोट्या सहीने फुटतो. पहिल्या दुकानात माझ्या घरून तीच सही जाणार होती.

गोल केलेल्या तारखेला गेलो. फॉर्म भरला, स्टेट पोलिसांच्या चेकची फी 2 डॉलर, दहा-बारा मिनिटांत ओके आलं. चिठ्ठी तशीच लावलेली होती. तेच गृहस्थ होते, हातात देण्याआधी परत दोनदा चेंबर तपासलं.

तक्रारी दोनच, पार्किंग फार लहान आहे आणि रेंजवर भाड्याने मिळणारे इअर मफ जुने झालेत, आपले घेऊन जा. शनिवारी दुपारी लेनसाठी तासभर थांबावं लागतं, सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर लगेच मिळते.