गंगापूर धरणाकाठचे टेस्टिंग बार : गोडी छाटणी ते खरड छाटणी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाहुणे आले की पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि वायनरी (वाइन बनवण्याचा कारखाना) असा क्रम नाशिकच्या घराघरांत आता ठरून गेला आहे. वायनरीच्या आवारात, मळ्याकडे तोंड करून बसलेला देशातला पहिला टेस्टिंग बार, म्हणजे वाइन थोडी थोडी चाखायची जागा, सुला या वाइन कंपनीने २००५ साली इथेच उघडला. पुढे गंगापूर-सावरगावच्या बाजूला आणि दिंडोरीकडेही असे बार निघाले. हा अनुभव सप्टेंबर ते एप्रिल अशा आठ महिन्यांचा आणि एकाहून जास्त ठिकाणांचा आहे. म्हणून उणिवा लिहिताना नावं घेतलेली नाहीत.

या बारची खरी सजावट म्हणजे समोरचा मळा, आणि तो दर महिन्याला वेगळा दिसतो. त्यामुळे जायचा दिवस शनिवार-रविवार बघून ठरवण्यापेक्षा छाटणीचं कॅलेंडर बघून ठरवावा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर, नुसत्या काड्या उभ्या असतात, थोड्याच दिवसांत पोंगे (कोवळे कोंब) फुटतात. डिसेंबरात घड भरू लागतात आणि जानेवारी ते मार्च काढणी चालते. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जाती आधी येतात, शिराझ-कॅबरने या लाल जाती मागाहून. एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, झाली की मळा पुन्हा बोडका. ज्यांना हिरवा मळा आणि घड दोन्ही बघायचे आहेत त्यांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरावा. थॉमसन या खायच्या बिनबियांच्या द्राक्षाच्या सवयीने तोंडात टाकायला मणी तोडू नका. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, शिवाय डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी झालेली फवारणी त्यावर असू शकते.

वायनरीची फेरी टेस्टिंगच्या आधी करा, नंतर नाही. स्टीलच्या टाक्यांभोवती गार पाणी फिरवून पांढऱ्या वाइनचं आंबवण साधारण १२ ते १६ अंशांवर का ठेवतात, आणि लाल वाइन सालीसकट जास्त तापमानाला का आंबवतात, हे कळल्यावर पेल्यातला फरक जिभेला लगेच सापडतो. पांढऱ्याचा फळांचा वास गारव्यात टिकतो. लालचा रंग आणि तुरटपणा सालीतून यायला ऊब लागते. काढणीच्या दिवसांत सकाळी गेलात तर द्राक्षं उतरवणं आणि प्रेस चालू असलेली दिसते, दुपारनंतर बहुधा फक्त धुलाई.

आता मुख्य गोष्ट, चाखणं. एका सेटमध्ये पाच-सहा वाइन, प्रत्येकी सुमारे ३० मिलि. क्रम स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड. हा क्रम मोडू देऊ नका. शिराझनंतर आलेली सोव्हिन्यों ब्लाँ पाण्यासारखी लागते. पेला दांडीला धरायचा, एक तृतीयांशाहून जास्त भरू द्यायचा नाही. गिळायची नसेल तर पिकदाणी मागा, त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते तापमान. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला’ हा नियम थंड मुलखातला आहे, तिथे खोली १६ ते १८ अंशांची असते. नाशिकच्या मार्च-एप्रिलमध्ये काउंटरवर उभी असलेली बाटली तिशीच्या वर जाते, मग फळ दबतं आणि नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. अशा वेळी बाटली दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा; चांगला कर्मचारी कारण विचारत नाही. पांढरी मात्र उलटी बिघडते, थेट फ्रीजमधून चार-पाच अंशांवर आली की वासच देत नाही. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

दुसरा दोष उघड्या बाटलीचा. आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी असते आणि निवांत समजावून सांगतात, पण एखादी बाटली दोन-तीन दिवस उघडी असू शकते. पांढरी वाइन पिवळट तपकिरी दिसली किंवा डागाळलेल्या सफरचंदासारखा वास आला तर ती हवा लागून उतरली आहे. ‘ही कधी उघडली?’ एवढं सरळ विचारा आणि नवी मागा. पेल्याला साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास येत असेल तरी पेला बदलून घ्या.

वाटेत बारदान फाट्याला मिसळ खाऊन थेट टेस्टिंगला जाणं हा नाशिककरांचा लाडका कार्यक्रम, पण टेस्टिंगसाठी तो घातक आहे. तर्रीनंतर तुरट लाल वाइन अधिक झोंबते. दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर मिसळ परतीला खा. तिखटाबरोबरच प्यायची असेल तर किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ बरी.

द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम काढणीच्या हंगामात असतो. मुलांना फार आवडतो. रस वाळला की पाय चिकट होतात, मधमाश्या येतात, डाग जात नाहीत. जुने कपडे आणि टॉवेल न्या.

२६ जानेवारीला ड्राय डे असतो, म्हणजे ऐन हंगामात. जोडून सुट्टी काढून येणाऱ्यांनी हे आधी बघावं. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

गाडी चालवणाऱ्याने सेट घेऊ नये. १३ टक्क्यांच्या सहा घोटांत, म्हणजे १८० मिलिमध्ये, सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात १०० मिलिला ३० मिलिग्रामची कायद्याची मर्यादा ओलांडायला ते पुरेसं ठरू शकतं. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अंधार पडल्यावर तिकडून रिक्षा-टॅक्सी मिळणं कठीण असतं, म्हणून येणारी गाडीच परतीसाठी थांबवून ठेवलेली बरी.

बाटल्या घ्यायच्या असतील तर निघताना सगळ्यात शेवटी घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेली बाटली आतून शिजते आणि बूच असेल तर ते वर सरकतं. भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून पायाशी, सावलीत ठेवा, आणि घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. दोन दिवस आडवी पडू द्या.